पॅरिस ते रोम: अंतर किती, विमानाला वेळ किती आणि दिवसातले तास किती जातात

पॅरिसहून रोमला विमानाने किती वेळ लागतो? तिकिटावर २ तास ५ मिनिटांपासून सव्वादोन तासांपर्यंतचा आकडा दिसतो. युरोपची सहल स्वतः आखणारे बरेच जण हाच आकडा उचलतात आणि सकाळी सीन नदीकाठी फेरफटका, दुपारी कोलोसियम असा बेत करून टाकतात. हा बेत जमत नाही. पॅरिसच्या हॉटेलातून निघून रोमच्या हॉटेलात टेकेपर्यंत सहा ते सात तास जातात, आणि कोलोसियमचं वेळ ठरवून दिलेलं तिकीट आधीच काढलेलं असेल तर ते वाया जातं.

म्हणून हा हिशोब मुळापासून करायला शिकून घ्या. मी इथे पॅरिस–रोम घेतलं आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक युरोप सहलींत ही जोडी असतेच. पण रीत एकदा हातात बसली की युरोपातल्या कुठल्याही दोन शहरांना ती लावता येते.

आधी अंतर: कुठलं अंतर, ते ठरवा

इंटरनेटवर शोधलं की पॅरिस–रोमसाठी कधी ११०० किलोमीटर दिसतं, कधी १४०० च्या वर. दोन्ही बरोबर आहेत. पहिलं हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं सर्वांत जवळचं अंतर. दुसरं रस्त्याचं, कारण मध्ये आल्प्स आडवा पसरला आहे आणि रस्त्याला खिंडी आणि बोगदे शोधत जावं लागतं. विमानाच्या वेळेचा हिशोब नेहमी हवाई अंतरावर करायचा.

हे अंतर घरी कागदावर काढता येतं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश नकाशात बघा. पॅरिसचं चार्ल्स द गोल विमानतळ ४९.०१ उत्तर, २.५५ पूर्व. रोमचं फ्युमिचिनो ४१.८० उत्तर, १२.२५ पूर्व. आता असं करा:

१. अक्षांशांतला फरक ७.२१ अंश. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा. ७.२१ गुणिले १११ म्हणजे ८०० किलोमीटर. रोम पॅरिसच्या इतकं दक्षिणेला आहे.

२. रेखांशांतला फरक ९.७० अंश. रेखांशाचा अंश मात्र सगळीकडे सारखा नसतो, ध्रुवाकडे जावं तसा तो आक्रसतो. म्हणून दोन्ही ठिकाणांच्या मधला अक्षांश घ्या, इथे ४५.४, आणि त्याच्या कोसाइनने गुणा. तो येतो ०.७०. म्हणजे ९.७० गुणिले १११ गुणिले ०.७०, उत्तर ७५४ किलोमीटर. रोम पॅरिसच्या इतकं पूर्वेला आहे.

३. आता शाळेतला पायथागोरस. ८०० चा वर्ग अधिक ७५४ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर सुमारे ११०० किलोमीटर.

मुंबई–दिल्ली हवाई अंतर ११५० किलोमीटरच्या आसपास आहे. तेव्हा पॅरिस–रोम म्हणजे आपल्या सवयीचं मुंबई–दिल्ली, किंचित कमी, असं मनात धरलं तरी चालेल. युरोपच्या नकाशावर देश लहान लहान दिसतात म्हणून शहरंही जवळजवळ असतील असं वाटतं; इथे दोन राजधान्यांमध्ये मुंबई–दिल्लीएवढी मजल आहे.

हीच रीत इतर जोड्यांना लावताना कोसाइन तेवढा बदला. अथेन्स–लिस्बनच्या पट्ट्यात तो ०.७८ च्या जवळ येतो, स्टॉकहोमपाशी ०.५१. पाऊण-एक हजार किलोमीटरपर्यंत चूक नगण्य राहते, दीड हजारापर्यंतही वेळेच्या अंदाजात फरक पडत नाही.

अंतरावरून उड्डाणाची वेळ

या मार्गावरची एअरबस ए३२० सारखी विमानं उंचीवर पोचल्यावर ताशी सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात. नुसता भागाकार केला तर ११०० किलोमीटरला सव्वा तासाहून थोडा जास्त वेळ येतो. मग तिकिटावर दोन तास कसे?

कारण तिकिटावरची वेळ चाकं जमिनीवरून उचलण्याची नसते. विमान गेटपासून मागे ढकललं जातं तेव्हा ती सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर गेटला लागतं तेव्हा संपते. चार्ल्स द गोलसारख्या मोठ्या विमानतळावर गेटपासून धावपट्टीपर्यंत जायलाच १५–२० मिनिटं जाऊ शकतात. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो. उतरण्यासाठी रांगेत थांबावं लागतं, धावपट्टीच्या दिशेनुसार वळसा पडतो. शिवाय विमान कंपन्या वेळापत्रकात थोडी मोकळीक धरून ठेवतात. म्हणूनच पंधरा मिनिटं उशिरा निघालेलं विमान पुष्कळदा वेळेवर पोचतं.

अंदाजासाठी मी एक साधं सूत्र वापरतो: किलोमीटर भागिले ८०० करून तास काढा आणि त्यात ४० मिनिटं मिळवा. पॅरिस–रोमला ८२ अधिक ४०, म्हणजे २ तास २ मिनिटं. ॲमस्टरडॅम–रोम सुमारे १३०० किलोमीटर, उत्तर २ तास १७ मिनिटं. लंडन–पॅरिस जेमतेम ३४५ किलोमीटर, उत्तर १ तास ६ मिनिटं. तिथे दोन्ही टोकांना गजबजलेले विमानतळ आहेत म्हणून आणखी दहा-पंधरा मिनिटं धरा. प्रत्यक्ष वेळापत्रकाशी ताडून पाहिलं तर दहा-पंधरा मिनिटांच्या आतच फरक सापडतो.

परतीच्या दिशेला, म्हणजे रोमहून पॅरिसला, वेळ थोडा जास्त लागतो. या अक्षांशांत वरच्या हवेतले वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते पाठीशी असतात, येताना समोरून.

घड्याळाची गल्लत

पॅरिस आणि रोम एकाच वेळेवर चालतात. उन्हाळ्यात, म्हणजे मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत, दोन्ही आपल्या साडेतीन तास मागे. हिवाळ्यात साडेचार तास. त्यामुळे इथे सुटण्याची आणि पोचण्याची वेळ सरळ वजा केली की झालं.

सगळीकडे तसं नाही. माद्रिद–लिस्बन घ्या. सकाळी १० ला माद्रिदहून निघालेलं विमान लिस्बनला १० वाजून २० मिनिटांनी पोचतं असं दिसेल, आणि लिस्बनहून १० ला निघालेलं माद्रिदला १२ वाजून २० मिनिटांनी. दोन्हीकडचं उड्डाण साधारण १ तास २० मिनिटांचंच आहे. पोर्तुगाल स्पेनच्या एक तास मागे आहे, एवढाच फरक. लंडनचंही पॅरिसशी असंच एका तासाचं अंतर आहे. तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या त्या गावच्या असतात.

कुठल्या विमानतळावरून कुठल्या विमानतळावर?

वेळ वाचतो की बुडतो ते इथेच ठरतं, म्हणून तिकीट काढण्याआधी या भागाला निवांत वेळ द्या. पॅरिसला तीन विमानतळ आहेत आणि रोमला दोन. शोधाच्या यादीत सगळ्यांपुढे ‘पॅरिस’ आणि ‘रोम’ असंच लिहिलेलं दिसतं.

चार्ल्स द गोल शहराच्या ईशान्येला २५ किलोमीटरवर आहे. तिथे आरईआर बी ही उपनगरी गाडी जाते. शहराच्या मध्यावरच्या शात्ले–ले आल स्थानकातून टर्मिनल २ पर्यंत ३५–४० मिनिटं धरा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. या मार्गाला पुढे फाटा फुटतो आणि काही गाड्या मित्री–क्ले या दुसऱ्या गावाला जातात. फलाटावरच्या फलकावर विमानतळाचं नाव उजळलेलं असेल तरच चढा. दुसरं म्हणजे विमानतळावर दोन स्थानकं आहेत. पहिलं टर्मिनल १ आणि ३ साठी, शेवटचं टर्मिनल २ साठी. चुकून दुसरीकडे उतरलात तर दोन्हींना जोडणारी फुकट गाडी आहे, पण तिच्यात पाव तास जातो. रात्री उशिरा आणि सुट्टीच्या मोसमात या मार्गावर दुरुस्तीची कामं निघतात, तेव्हा आदल्या दिवशी एकदा पाहून घ्या.

ऑर्ली दक्षिणेला आहे आणि जवळ आहे. जून २०२४ मध्ये मेट्रोची १४ क्रमांकाची लाइन थेट ऑर्लीपर्यंत पोचली, आणि तेव्हापासून या विमानतळाचं पारडं जड झालं आहे. शात्लेहून २५ मिनिटांत पोचता. ऑर्लीहून रोमला स्वस्त दरांच्या कंपन्यांची विमानं असतात. भाडं सारखंच असेल तर मी ऑर्ली निवडेन. दोन्ही विमानतळांना मेट्रोचं नेहमीचं तिकीट चालत नाही, विमानतळाचं वेगळं तिकीट काढावं लागतं.

तिसरं बोव्हे. नावात पॅरिस असलं तरी ते शहरापासून ८० किलोमीटरच्या आसपास आहे. बसला सव्वा तास लागतो, बसचं भाडं वेगळं, आणि बस चुकली तर टॅक्सी परवडत नाही. वीस युरोंनी स्वस्त दिसणारं तिकीट इथे महाग पडतं. लहान मुलं किंवा आईवडील सोबत असतील तर बोव्हेच्या नादी लागू नका.

रोमकडे फ्युमिचिनो नैर्ऋत्येला समुद्राजवळ आहे, शहरापासून ३० किलोमीटरवर. विमानतळालाच लागून रेल्वे स्थानक आहे. लिओनार्डो एक्स्प्रेस मध्ये कुठेही न थांबता ३२ मिनिटांत तेर्मिनी या मुख्य स्थानकात सोडते. पण तुमचं राहणं त्रास्तेवेरे किंवा ओस्तिएन्से भागात असेल तर ती पकडू नका. त्याच स्थानकातून एफएल१ ही साधी लोकल सुटते, ती या दोन्ही ठिकाणी थांबते, तिचं तिकीटही स्वस्त आहे. ती तेर्मिनीला मात्र जात नाही. दुसरं विमानतळ च्याम्पीनो. ते शहराला जवळ आहे, पण तिथे टर्मिनलपाशी रेल्वे नाही. बसने तेर्मिनीला यायला पाऊण तास धरावा.

दारापासून दारापर्यंत

समजा चार्ल्स द गोलहून सकाळी १० चं विमान आहे, सामान विमानाच्या पोटात टाकायचं आहे आणि हॉटेल शात्लेजवळ आहे.

६:५० हॉटेलातून बाहेर.
७:०५ आरईआरच्या फलाटावर. हे स्थानक अवाढव्य आहे, खाली उतरून फलाट गाठायलाच दहा मिनिटं लागतात.
७:५० टर्मिनल २ मध्ये. सामान देणं, सुरक्षा तपासणी, गेटपर्यंत चालणं.
९:४० च्या आत विमानात. दरवाजे सुटण्याच्या वेळेआधीच बंद होतात.
१०:०० प्रस्थान.
१२:०५ फ्युमिचिनोला गेटवर.
१२:४५ सामान ताब्यात.
१:०० च्या पुढची जी गाडी मिळेल ती. गर्दीच्या वेळी दर पाव तासाला असते, एरवी अर्ध्या तासाला.
१:४५ तेर्मिनी.
२:०० हॉटेल.

एकूण ७ तास १० मिनिटं. त्यात हवेतला वेळ दीड-पावणेदोन तास. फक्त हँडबॅग घेऊन ऑर्लीहून गेलात तर साडेपाच तासांपर्यंत खाली येता येतं. त्याखाली उतरायचा प्रयत्न करू नका. वाचवलेली वीस मिनिटं सुरक्षेच्या रांगेत घालवावी लागतात, आणि तीही धास्तीने.

या हिशोबातून निघणारा बेत असा: सकाळचं विमान घ्या, रोममध्ये त्या दिवशी तिकिटाची कुठलीही जागा ठेवू नका. संध्याकाळी पँथिऑनच्या चौकातून नावोना चौकाकडे पायी जा. रोमची ती संध्याकाळ सुंदर असते, आणि तिथे घड्याळ बघायची गरज नसते.

रेल्वेचा पर्याय खरा की कागदावरचा?

पॅरिस–रोम थेट गाडी सध्या नाही. गार द लियों स्थानकातून मिलानला सुमारे सात तास, तिथून रोमला वेगवान गाडीने तीन तास आणि काही मिनिटं. मधली थांबण्याची वेळ धरून अकरा तास. फ्रान्सची टीजीव्ही ही वेगवान गाडी मिलानला पोर्ता गारिबाल्दी स्थानकात येते, तर इटलीची वेगवान गाडी फ्रेच्यारोसा मिलानो चेंत्राले या मुख्य स्थानकात. टीजीव्हीने गेलात तर पुढची गाडी कुठल्या स्थानकातून आहे ते नीट पाहा. तोरीनोच्या (ट्यूरिनच्या) पोर्ता सूझा स्थानकात गाडी बदलली तर ही भानगडच उरत नाही. हा मार्ग ऑगस्ट २०२३ मध्ये मोरियेन खोऱ्यात दरड कोसळून बंद पडला होता आणि मार्च २०२५ च्या शेवटी पुन्हा सुरू झाला. १८७१ मध्ये खुल्या झालेल्या फ्रेजूस बोगद्यातून ही गाडी आल्प्स ओलांडते.

अकरा तास विरुद्ध सात तास. वेळ हाच निकष असेल तर इथे विमान. मात्र मध्ये मिलान किंवा तोरीनोला एक मुक्काम करायचा असेल तर रेल्वेच घ्या, कारण मग प्रवास दोन दिवसांत वाटला जातो आणि विमानतळांची दगदग पूर्ण टळते.

सर्वसाधारण नियम म्हणून: रेल्वेला चार तासांपेक्षा कमी लागत असतील तर विमानाचा विचार सोडा. पॅरिस–लंडन सव्वादोन तासांच्या आसपास, पॅरिस–ॲमस्टरडॅम साडेतीन तासांच्या आत, आणि गाडी गावाच्या मध्यातून गावाच्या मध्यात सोडते. लंडनच्या गाडीला तेवढी पासपोर्ट तपासणी आहे, म्हणून तास-दीड तास आधी पोचावं. फ्रान्सने तर २०२३ पासून, जिथे अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येतं अशा काही देशांतर्गत मार्गांवरची विमानं कायद्यानेच बंद केली. ऑर्लीहून लियों, नांत आणि बोर्दोला जाणारी उड्डाणं त्यात गेली.

तिकीट काढताना

मुंबईहून येणाऱ्यांसाठी सगळ्यांत मोठी बचत वेगळ्याच ठिकाणी आहे. मुंबई–पॅरिस जा आणि रोम–मुंबई परत या. दोन्ही एकाच तिकिटात ‘मल्टी सिटी’ म्हणून शोधा. पॅरिसला जाऊन-येऊन तिकीट काढलं की शेवटच्या दिवशी रोमहून ११०० किलोमीटर मागे यावं लागतं, आणि आखाती कंपन्यांच्या तिकिटांत अशा दोन टोकांच्या प्रवासाचं भाडं बहुधा फारसं जास्त नसतं.

पॅरिस–रोमचं तिकीट वेगळं काढलंत तर सामानाचे नियमही वेगळे. मुंबईहून येताना मिळालेली २३ किंवा ३० किलोंची मुभा इथे लागू होत नाही. स्वस्त कंपन्यांच्या मूळ भाड्यात फक्त समोरच्या सीटखाली बसेल एवढी पिशवी येते. पोटातल्या सामानाचे पैसे बुकिंगच्या वेळीच भरा, विमानतळावर ते कितीतरी जास्त लागतात. लोणचं, तूप, ओली चटणी हे सगळं सुरक्षा तपासणीत द्रवात मोजलं जातं, तेव्हा ते हँडबॅगेत ठेवू नका.

व्हिसाच्या दृष्टीने दोन्ही देश शेंगेन या सामाईक व्हिसाच्या गटात आहेत, त्यामुळे मध्ये शिक्का नाही, इमिग्रेशनची रांग नाही. पासपोर्ट मात्र हातातल्या पिशवीतच हवा. व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे करायचा. रात्री समान असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. आणि एक नियम फार थोड्यांना ठाऊक असतो: दुसऱ्या शेंगेन देशातून इटलीत आलेल्या परदेशी पाहुण्याने ८ दिवसांत आपली नोंद पोलिसांकडे करायची असते. हॉटेलात उतरलात तर हॉटेलच ती करतं. रोममध्ये नातेवाइकांकडे किंवा मित्राकडे राहणार असाल तर क्वेस्तुरा या पोलीस कार्यालयात स्वतः जाऊन ती करा.

सीट निवडताना डावीकडची खिडकी घ्या. पॅरिस–रोम सरळ रेषा जवळजवळ मों ब्लां या आल्प्सच्या सर्वांत उंच शिखराच्या डोक्यावरून जाते. प्रत्यक्ष मार्ग रोज थोडा बदलतो, पण आकाश निरभ्र असेल तर उड्डाणानंतर पाऊण तासाच्या आसपास डावीकडे आधी जिनिव्हा सरोवराची निळी कोयरी आणि मग बर्फाच्छादित रांगा दिसायला हव्यात. पुढे विमान लिगुरियन समुद्रावर येतं आणि तोस्कानाचा किनारा धरून खाली उतरू लागतं. परतीला अर्थातच उजवी खिडकी.

उशीर आणि संप

इटलीत आणि फ्रान्समध्ये संप नेहमीचे आहेत, पण ते आधी जाहीर होतात. इटलीच्या वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्यांची तारीखवार यादी असते, निघण्याच्या आठवड्यात ती बघा. इटलीत संपाच्या दिवशीही सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांतल्या उड्डाणांना संरक्षण असतं. रोमहून परत निघायचं असेल तर या पट्ट्यातलं विमान निवडणं शहाणपणाचं.

उशीर झालाच तर आपण सुरुवातीला मोजलेलं अंतर पुन्हा कामाला येतं. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमात भरपाई हवाई अंतरावरूनच ठरते. १५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला २५० युरो, युरोपीय संघातल्या त्याहून लांबच्या उड्डाणाला ४०० युरो. पॅरिस–रोम पहिल्या गटात. अट अशी की शेवटच्या मुक्कामाला तुम्ही ३ तास किंवा त्याहून उशिरा पोचलेले असायला हवेत आणि कारण कंपनीच्या आवाक्यातलं हवं. वादळ किंवा हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप असेल तर हे पैसे मिळत नाहीत. मात्र या अंतराला २ तासांहून जास्त खोळंबा झाला की खाणंपिणं देण्याची जबाबदारी कंपनीची, कारण काहीही असो. तुमचा पासपोर्ट भारतीय आहे याने काही फरक पडत नाही.

दोन टप्प्यांचं तिकीट एकाच बुकिंगवर असेल तर अंतर पहिल्या ठिकाणापासून शेवटच्या ठिकाणापर्यंत सरळ मोजतात, मधल्या वळशाचं नाही. बोर्डिंग पास टाकून देऊ नका, विमानाचा दरवाजा किती वाजता उघडला ते टिपून ठेवा, उशिराचं कारण कंपनीकडून लेखी मागा आणि अर्ज थेट कंपनीच्या संकेतस्थळावर करा. मध्यस्थ कंपन्या हेच काम करून भरपाईतला मोठा वाटा कापून घेतात, तेव्हा कंपनीने नकार दिल्यावरच त्यांच्याकडे वळा.